जन्मताच रडलं

१४ मार्च

प्रिय मावशी,

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मला ओरडून सांगायचं नाही, कारण ओरडायला लागले की मी रडते. म्हणून पत्र.

आज चिक्कूला घेऊन बालविकास केंद्रात गेले होते. चिक्कू म्हणजे तुझा नातू. चार महिने झाले तरी मूठ सोडत नाही म्हणून त्याच्या बापाने हे नाव ठेवलंय. ठेवलं तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. आता हसू येत नाही. उजवी मूठ निदान झोपेत उघडते, डावी तेव्हाही नाही. अंघोळ घालताना पाय ताठ होऊन एकमेकांवर चढतात. लहान मुलांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि चिठ्ठी दिली. म्हणाले, केंद्रात न्या, पहिल्या वर्षात व्यायाम सुरू झाला तर पुष्कळ फरक पडतो, अजिबात उशीर करू नका.

दोन तास बाकावर बसल्यावर आमचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईने दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद मागितला, त्यावरून बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबली. "जन्मताच रडलं," तिने वाचलं. "मग तुम्ही दुसऱ्या यादीत. अकरा महिन्यांनी या."

पहिली यादी कोणाची, तर जी बाळं उशिरा रडली, ज्यांना श्वास द्यावा लागला, त्यांची. त्यांना आठवडाभरात बोलावतात. मी म्हटलं, "अहो, हा रडलाच नव्हता." ती म्हणाली, "कागदावर रडलाय."

मी स्वतः जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते. कागदात नाही ते जगात नाही, हे मी रोज शंभर लोकांना सुनावते. आज माझंच वाक्य कोणीतरी माझ्या तोंडावर मारलं, हे मला कळलं. तरी राग कमी झाला नाही.

मावशी, त्या सकाळी साडेदहाला पोटात त्याच्या हृदयाचे ठोके मंदावायला लागले. मग सगळी पळापळ, सह्या, चाकाची खाट. भूल कमरेखाली दिली होती, मी टक्क जागी होते. समोर हिरवा पडदा. कोणीतरी म्हणालं, "आलं बाहेर." मग काहीच नाही. कोणी बोलेना. मी मोजायला लागले, कारण दुसरं काय करणार? मी तीनशे बारापर्यंत मोजलं. मग बिजागरी कुरकुरावी तसा बारीक आवाज आला.

कागद घरी नेताना मी डॉक्टरांना हे विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला भूल दिली होती, तुम्हाला काय ऐकू येणार?" भूल कमरेला होती, कानाला नव्हती. पण मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवला. सासूबाई म्हणतात, रडला असेल, तुझंच लक्ष नसेल. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणतो, मी दाराबाहेर होतो, मी कशी साक्ष देऊ?

तू चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलीस. मला खरं सांग. बाळ रडतं आणि जागी असलेल्या आईला ऐकू येत नाही, असं होतं का?

तुझी,
धांदू

ता. क. तुझी धांदू अजूनही कप फोडतेच. या महिन्यात दोन. बाळाला मात्र उजव्या हातावरच घेते, काळजी करू नकोस.


२० मार्च

चि. धांदू,

तुला आणि बाळाला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आधी पाणी पी आणि शांत हो. आई चिडली की दूध बिघडतं असं जुन्या बायका म्हणायच्या. मी ते कधी मानलं नाही, पण तू चिडू नयेस म्हणून सांगते.

तू विचारलंस, असं होतं का. होतं. टेबलावरच्या बाईला एक मिनिट पाचासारखं वाटतं. भीतीत माणूस भरभर मोजतो. मशिनचे आवाज असतात, भांड्यांचे असतात. शिवाय बाळाला बाजूच्या खोलीत पुसायला नेतात, तिथे ते रडलेलं कित्येकींना कळत नाही. तेव्हा उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

केंद्र बोलावील तेव्हा बोलावील, तोवर घरी काय करायचं ते लिहिते. मूठ उघडायला बोटं ओढायची नाहीत. मनगट हलकेच आत वाकवायचं, मूठ आपोआप सैल पडते, मग अंगठा मुळापासून धरून बाहेर घ्यायचा. दिवसातून सहा वेळा, अंग उबदार असताना. डाव्या बाजूने त्याच्याशी बोलायचं, खेळणं डावीकडे टांगायचं. सोबत एक मऊ चेंडू पाठवते आहे, तुला दर वाढदिवसाला द्यायची तसाच, फक्त लहान.

आणि त्या कागदाच्या मागे लागू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. "उशिरा रडलं" असं एकदा कागदावर चढलं की शाळेपासून लग्नापर्यंत पोराची पाठ सोडत नाही. तुमच्या लेबर रूमला जाड चष्म्याची सिस्टर आहे, ती माझ्या हाताखाली शिकलेली. भली आहे. तिला जाऊन भंडावू नकोस.

तुझी मावशी


२ एप्रिल

मावशी,

भंडावलं.

परवा कार्यालयातून लवकर निघून तिच्याकडे गेले. तिने मला चादरींच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि घड्या घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही मोठ्या सिस्टरच्या भाची ना? तुमचं नाक तसंच आहे." मी म्हटलं, नाकाचं राहू द्या, माझं बाळ केव्हा रडलं ते सांगा.

तिने घडी मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "पाच मिनिटांनी. श्वास द्यायची पिशवी मीच दाबत होते. दुसऱ्या दिवशी मनगट आखडलं होतं माझं."

मी विचारलं, मग कागदावर असं का? तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच खुळ्यासारखं विचारतेय. "तुमच्या मावशींनीच शिकवलं. बाळ जगलं की 'जन्मताच रडलं' लिहायचं. कागद आईच्या हातात जातो, आईकडून सासरी जातो. आम्ही सगळ्याच तसं लिहितो. आमच्या हाताखालच्या मुलीपण तसंच लिहितात."

सगळ्याच. मावशी, हा शब्द ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

म्हणजे तू मला ते पत्र लिहायला बसलीस तेव्हा तुला माहीत होतं. भीतीत माणूस भरभर मोजतो म्हणे. मी भरभर मोजलं नव्हतं. रोज खिडकीवर मी नोटा मोजते तशी, एकेक करून मोजलं होतं. डॉक्टरांनी मला खोटं पाडलं, सासूबाईंनी पाडलं, ते परके. तू माझी मावशी. आई गेल्यावर मला तू म्हणशील ती पूर्व दिशा होती. आणि तू मला सांगतेस की माझे कान वाजले.

मी तिला म्हटलं, कागद दुरुस्त करून द्या. ती म्हणाली, "मोठ्या सिस्टरनी सांगितल्याशिवाय मी एकटी कसं करू? एक कागद बदलला की विचारतील, बाकीचे किती असे?" विचारू देत की. मलाही तेच विचारायचंय.

आज तो साडेचार महिन्यांचा झाला. अकरा महिन्यांतून एक गेलासुद्धा नाही. तू तिला दोन ओळी लिही. तुझ्या एका शब्दावर ती कागद फिरवील.

धांदू


९ एप्रिल

चि. धांदू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढ्या मोठ्या आवाजात मला आजवर फक्त सर्जन बोललेत, आणि त्यांनाही मी नंतर चहा पाजून सरळ केलेलं आहे.

तुला त्या काळाची कल्पना नाही, म्हणून सांगते. माझ्या वॉर्डात एक बाई होती. बाळाला असंच घाईने पोट उघडून काढलं, ते तीन मिनिटांनी रडलं. मी कागदावर खरं ते लिहिलं. सासऱ्याने वाचलं. पोरगं ठणठणीत होतं, सहा महिन्यांत बसायला लागलं, पण घरात त्याला 'अर्धवट' म्हणायचे. ते पडलं तरी त्यामुळेच, हट्ट केला तरी त्यामुळेच. शेवटी तिला माहेरी पाठवली, पोरासकट. ती माझ्याकडे आली होती कागद घेऊन. "सिस्टर, हे एवढं पुसता येईल का?" म्हणाली. तिचं तोंड मी अजून विसरले नाही.

तेव्हा ही केंद्रं नव्हती, याद्या नव्हत्या, व्यायाम शिकवणारं कोणी नव्हतं. उशिरा रडलेली बहुतेक मुलं पुढे चांगली होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग त्या दोन शब्दांचा बाळाला काय उपयोग? आईला मात्र जन्मभराचे टोमणे. म्हणून मी मुलींना तसं शिकवलं. मी कोणाचं वाकडं करायला हे केलं नाही.

तू रागावली आहेस, रागाव. पण त्या सिस्टरला मी काय लिहू? इतकी वर्षं सांगितलं ते चुकलं, असं? तिची नोकरी आहे, तिच्या हाताखाली मुली आहेत. जरा दमाने घे. केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांना भेट, बाळ दाखव. डोळे असलेला माणूस कागद मागणार नाही.

मावशी


१६ एप्रिल

मावशी,

केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांना भेटले. त्यांना डोळे आहेत. त्यांनी कागद मागितला.

म्हणाल्या, "मला दिसतंय हो. पण पहिल्या यादीत जागा कमी, बाळं जास्त. उद्या दुसऱ्या आईने विचारलं तर मी काय दाखवू? दवाखान्याकडून एक ओळ आणा, त्याच दिवशी घेते."

तुझी ती माहेरी पाठवलेली बाई मला खोटी वाटत नाही. तिच्यासाठी मला वाईट वाटतं. पण केंद्राच्या भिंतीवर पाटी आहे, ते केव्हा सुरू झालं त्याची. मी हिशोब केला. तू निवृत्त व्हायच्या नऊ वर्षं आधी. म्हणजे नऊ वर्षं तुझ्या दवाखान्यापासून चार रस्ते पलीकडे उशिरा रडलेल्या बाळांची यादी होती, आणि तू एकाही बाळाला त्या यादीत जाऊ दिलं नाहीस. तुझा नियम आधी भला असेल. या नऊ वर्षांत काय होता?

मी आज खिडकीवर बसून प्रत्येक बाळाच्या अर्जाकडे बघत होते. याचं खरं असेल का, हिचं असेल का. एका बापाने विचारलं, "बाई, काही चुकलंय का?"

बाकी काही लिहू नकोस. आशीर्वाद नकोत, दमाने घे नको. नियम का बदलला नाहीस, एवढंच सांग.

चेंडू परत पाठवते आहे.


५ मे

चि. मुली,

धांदू हे नाव मी यापुढे घेणार नाही. का, ते खाली आहे.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. तेवढ्यात मी पाच पत्रं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात मी चांगली दिसत होते.

ती माहेरी पाठवलेली बाई खरी आहे. पण ती नंतरची. नियम तिच्यामुळे सुरू झाला नाही. तिचा कागद दुसऱ्या पाळीतल्या सिस्टरने लिहिला होता. मी तिला पुढे केलं, कारण तिच्या आड उभं राहता येत होतं. माझा पहिला खोटा कागद तिच्या दोन वर्षं आधीचा. तो तुझा.

तुझी आई अशीच टेबलावर होती. तुझे ठोके मंदावले होते. तेव्हा सरसकट पूर्ण भूल द्यायचे, त्यामुळे ती झोपलेली. तुला मीच हातात घेतलं. तू निळी होतीस आणि रडत नव्हतीस. मी पिशवी दाबत राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सात मिनिटं. तुझी आई शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "ताई, रडली का?" मी म्हटलं, "जन्मताच." तिला म्हटलं ते मग कागदावर लिहिलं. बहिणीला सांगितलेलं खोटं कागदावरही खोटं असावं लागतं. पुढे दुसऱ्या बाळाच्या वेळी मला वाटलं, आपल्या भाचीला दिलं ते हिला का देऊ नये? मग तिसरं. मग मी ते शिकवायला लागले.

तू आठ महिन्यांची असताना तुझी डावी मूठ मला दिसली. मला लगेच कळलं. तुझ्या आईला वाटलं, मुलगी उजव्या हाताची आहे. मग तू कप पाडायला लागलीस, शाळेत चेंडू झेलेनास, टायपिंगच्या परीक्षेत नापास झालीस. ती तुला धांदरट म्हणायची, आळशी म्हणायची, हातावर मारायची. एकदा मी समोर बसले होते. तू बशी फोडलीस, तिने तुला फटका दिला, आणि मी उरलेल्या कपातून चहा प्यायले. घरी जाताना दुकानातून चेंडू घेतला. तू रबरी चेंडू दाबत बसावंस म्हणून दर वर्षी देत होते. तुला वाटायचं, मावशीला दुसरं काही सुचत नाही.

केंद्र निघालं तेव्हा नियम बदलायला हवा होता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण बदलायचा तर मुलींना सांगावं लागलं असतं की आधीचं चुकलं. मग कोणीतरी विचारलं असतं, कधीपासून? तुझी आई तेव्हा होती. मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. नऊ वर्षांत एवढंच होतं. त्यात भलेपणा काही नव्हता.

आता काय केलं ते. माझ्या जुन्या वहीतून अडतीस मुलींचे पत्ते काढले आणि प्रत्येकीला लिहिलं, "माझा नियम चुकीचा होता. बाळ जेव्हा रडलं तेव्हाच लिहा." अकरा पत्रं पत्ता बदलल्यामुळे परत आली. सहाजणींनी उत्तर दिलं. त्यातल्या दोघींनी शिव्या दिल्यात, मला बरं वाटलं.

परवा तुझ्या गावात येऊन गेले. तुझ्या दाराशी यायला तोंड नव्हतं. त्या सिस्टरबरोबर चादरींच्या खोलीत बसले. मी म्हटलं, शिकवलं मी, बोलणी मी खाईन, तू फक्त झालं ते लिही. तिने तुझ्या फाइलमध्ये उशिराची नोंद म्हणून तारीख घालून लिहिलं आणि सही केली. तुमच्या डॉक्टरांनी आधी आरडाओरडा केला. मला कमी ऐकू येतं, त्याचा उपयोग झाला. ते थकले तेव्हा त्यांनीही सही केली. नक्कल सोबत आहे. ताबडतोब केंद्रात ने.

दुसरा कागद माझ्या अक्षरातला आहे. तो तुझा. तुझ्या खिडकीवर त्याला किंमत नाही, हे मला माहीत आहे.

मावशी


१० जून

मावशी,

केंद्राने त्याच दिवशी घेतलं. आता आठवड्यातून तीनदा जातो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "याचा अंगठा मुळापासून धरून काढायला तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, घरात एक सिस्टर आहे. पुढचं सांगितलं नाही.

काल त्याने डाव्या हाताने माझं बोट धरलं. धरलं आणि सोडलं. सोडलं, हे महत्त्वाचं. पुढे किती येईल हे बाई सांगत नाहीत. म्हणतात, पंधराव्या महिन्याऐवजी सहाव्या महिन्यात आलात एवढं खरं, चौथ्यात यायला हवं होतं. ते दोन महिने मी कुठून आणू?

तुझा दुसरा कागद मी पंधरा दिवस उघडला नाही. मग एका दुपारी कार्यालयातच उघडला. "मी साक्षीने लिहिते की ही मुलगी जन्मताच रडली नाही. सात मिनिटांनी रडली." मी उठून आत गेले आणि फायलींच्या कपाटामागे उभी राहिले. तू खोटं बोललीस याचा राग आहेच, तो जाणार नाही, तू वाटही बघू नकोस. पण त्याहून जास्त राग याचा की आई मला मारून मारून गेली आणि तिला शेवटपर्यंत वाटलं की तिची मुलगी आळशी आहे. तू तिला एक वाक्य दिलं असतंस तर आम्हा दोघींचं आयुष्य वेगळं गेलं असतं. तू मला वीस चेंडू दिलेस. ते एक वाक्य दिलं नाहीस.

चिक्कूत आणि माझ्यात फरक एवढाच, की त्याचं वाक्य त्याला सहा महिन्यांत मिळालं आणि मला एकतीस वर्षांनी. आणि त्या तुझ्या परत आलेल्या अकरा पत्रांचं काय? पत्ते मला पाठव. माझ्या खिडकीवर बसून माणसं शोधता येतात.

आज सकाळी माझ्या हातून कप पडला. सासूबाई वळल्या, तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणाले, "मी जन्मताच रडले नव्हते. सात मिनिटांनी रडले." मग त्यांनी स्वतः केरसुणी घेतली आणि तुकडे गोळा केले. आजवर ते मी करत होते.

तो चेंडू परत पाठव. दोन पाठव, एक मोठा.